बांधावरचा आवाज

१८ जुलै २०२४

सर म्हणाले, दोन वह्या ठेवा. एकीत फक्त आकडे. दुसरीत मनात येईल ते. "दुसरी ठेवली नाही तर मनातलं आकड्यांत शिरतं, आणि मग आकडे खोटं बोलायला लागतात." ही ती दुसरी.

निवड झाली! यादीत लिहिलंय: संस्कृती, संशोधक विद्यार्थिनी, यंत्र विभाग, मार्गदर्शक डॉ. व्यंकटराव. डिझेल इंजिनाच्या आत जे जळतं त्याची खबर तारेशिवाय बाहेर आणायची, असं काम आहे. इंजिनावर सेन्सर बसवला की त्याची तार उष्णतेने वितळते नाहीतर हादऱ्याने तुटते. त्याऐवजी एक छोटी डबी माहिती हवेतून पाठवेल आणि माणसाला फोनवर दिसेल की इंजिन बरं आहे की आजारी. मुलाखतीत मी म्हणाले, ही डबी एक दिवस आमच्या गावच्या प्रत्येक इंजिनावर असली पाहिजे. समितीतले दोघं हसले. सर हसले नाहीत. ते टेबलावर पुढे झुकून माझ्याकडे बघत होते. बाहेर जनरेटर चालू होता, पंखा खडखडत होता, आणि आधीच्या मुलांना म्हणे सरांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. मला मात्र एकामागून एक विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. बांधावरचा आवाज आहे."

मग सगळेच हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली.

खोटं काय होतं त्यात? नाथसागराच्या कडेला आमचं शेत. इंजिन खाली पाण्याजवळ, वाफे वर. पाणी शेवटच्या वाफ्याला पोचलं की मी बांधावर उभी राहून हाक द्यायची, "अण्णा, बंद कराऽऽ!" ती हाक इंजिनाच्या धडधडीवरून पलीकडे जायला हवी. लहानपणभर असं ओरडलं की आवाज घशात तसाच राहतो. आज तो नको त्या खोलीत बाहेर पडला.

अण्णांना फोन केला. 
"पुन्हा शिकायचं?"
"संशोधन आहे अण्णा."
"म्हंजी नोकरी नाय."
"विद्यावेतन मिळतं."
"मंग व्हय," म्हणाले. आईला ओरडून सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं. आमच्या घरात पदवीपर्यंत कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे पुढचं काहीही त्यांना सारखंच.


२ ऑगस्ट

इंजिनाची खोली कॉलेजच्या अगदी मागे, कडुनिंबाखाली, पत्र्याची. एक सिलिंडरचं हिरवं इंजिन, माझ्याहून वयाने मोठं. सर आत आले की घड्याळं, काटे, काही बघत नाहीत. इंजिनाच्या लोखंडी बैठकीवर डावा तळहात ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मग म्हणतात, "आज सुस्त आहे," किंवा "ठीक." इलेक्ट्रॉनिक्सचा मिहिर माझ्यासोबत या प्रकल्पावर आहे, त्याच्याकडे डबीच्या रेडिओचं काम. तो म्हणतो, सर इंजिनाला आशीर्वाद देतात.

कडुबामामा इथले परिचर. हँडल मारून इंजिन चालू करायचं काम त्यांचंच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

आज सरांनी मला एकटीला सांगितलं. मेमध्ये ते निवृत्त होतील. त्यानंतर ही खोली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्राला द्यायची असं वर ठरत आलंय. वाळूजची एक कंपनी जानेवारीत आपलं काम बघायला येणार आहे. त्यांना पटलं तर ते प्रकल्प उचलतील, खोली राहील, इंजिन राहील. नाही पटलं तर भंगार.

"मला याचा आवाज कागदावर दिसला पाहिजे," सर म्हणाले. "लवकर."

किती सुंदर वाक्य आहे. मी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवलं.


११ ऑगस्ट

कँटीनमध्ये मी मिहिरला पॅकेटबद्दल काहीतरी समजावत होते. डबी माहिती सलग पाठवत नाही, तुकडे करून पाठवते, त्यांना पॅकेट म्हणतात. मी रंगात आले होते. मिहिर कानावर हात ठेवून म्हणाला, "अगं, तू कशाला बिनतारी यंत्रावर काम करतेस? तू इथून बोललीस तरी पैठणला रेंज येईल."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीसुद्धा हसल्या.

त्याच्या मनात वाईट नव्हतं. नंतर त्याने मला चहा पाजला. पण खोलीवर येऊन मी फोनवर स्वतःचं बोलणं टिपून ऐकलं. खरंच, भांडल्यासारखं वाटतं. मिहिरची आई बँकेत आहे, एकदा डबा द्यायला आली होती. ती बोलते तेव्हा वाटतं, कुणीतरी रेशमी कापड घडी करतंय. तसं बोलता आलं पाहिजे. रोज आरशासमोर सराव करायचा. हळू, सावकाश, ओठ फार न उघडता.


३० ऑगस्ट

जमायला लागलंय. मिहिरच म्हणाला, "वा, एकदम बातम्यांसारखं!"

सरांचं मात्र काही कळत नाही. आधी माझ्या शंकांना लगेच उत्तर द्यायचे. हल्ली मी बोलत असताना मध्येच तोंड फिरवून इंजिनाकडे जातात. परवा मी मागून दोनदा "सर" म्हटलं, वळलेसुद्धा नाहीत. आज विचारलं की सेन्सर झाकणावर बसवू की बाजूला, तर म्हणाले, "हो." हो म्हणजे काय?

आणि कडुबामामा. मी जे बोलते ते ते पुन्हा मोठ्याने सरांना सांगतात. "ताई म्हणती झाकणावर का बाजूला!" मग सर उत्तर देतात. माझं बोलणं सरांपर्यंत जायला परिचराचा शिक्का लागतो तर. आता शुद्ध बोलते, हळू बोलते, तरी कुठे कमी पडतेय? शेताचा वास अजून येतो की काय माझ्या बोलण्याला?


१९ सप्टेंबर

आज डबी बोलली!

इंजिन चालू असताना तारेशिवाय आकडे आले. स्क्रीनवर रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर. सिलिंडरमधला एकेक स्फोट. मिहिर आणि मी ओरडलोच. सर धावत आले, खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. डोळे भरले होते त्यांचे. "दिसतोय," म्हणाले. "अगदी दिसतोय."

रेघ मध्येमध्ये तुटते. काही पॅकेट पोचतच नाहीत. पत्र्याची खोली, लोखंडी इंजिन, लहरी इकडेतिकडे आपटतात. मिहिर म्हणतो, एवढं चालायचंच.

संध्याकाळी आनंदात सरांना फोन केला. उचलला नाही. लगेच मेसेज आला, "फोन करू नका. लिहून पाठवा." थंड पाणी ओतल्यासारखं झालं.


१७ ऑक्टोबर

तुटक रेघ कंपनीच्या लोकांना कशी दाखवायची? त्यावर उपाय केला. जिथे पॅकेट हरवतं तिथे आधीचा आकडा तसाच पुढे धरायचा आणि पुढच्या आकड्याला अलगद जोडायचा. असं सगळेच करतात, चुकीचं काही नाही. रेघ आता पाण्यासारखी वाहते.

सरांना दाखवली. ते डोळे बारीक करून म्हणाले, "इतकी गुळगुळीत कशी?"

मी नीट सांगितलं. हरवलेली पॅकेट कशी भरते, किती भरते, सगळं. कडुबामामा डिझेल आणायला गेले होते, त्यामुळे मध्ये कुणी नव्हतं. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगून झाल्यावर मान हलवली आणि म्हणाले, "छान. मूळ आकडे मात्र पुसू नका कधी."

म्हणजे मान्य आहे. पहिल्यांदा मी एकटीने बोलून सरांना काही पटवलं. आज फार बरं वाटतंय.


४ नोव्हेंबर, गावी

दिवाळी झाली. अण्णांनी बघताक्षणी विचारलं, "आजारी हाय का गं? लई बारीक बोलती."

"शहरात असंच बोलतात अण्णा."

"मंग त्यांचं येकमेकाला ऐकू कसं जातं?"

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, साहेबीण झाली तुमची लेक."

आता खाली विजेची मोटार आहे. जुनं इंजिन तागाच्या पोत्याखाली झाकून ठेवलंय, अण्णा विकत नाहीत. वीज गेली म्हणून काल ते चालू केलं. पाणी वर आलं तशी मी बांधावर गेले आणि हाक दिली. अण्णा खाली वाकून काहीतरी करत होते, त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा दिली. आवाज अर्ध्यात फाटला. शेवटी चालत खाली जाऊन सांगितलं. तोवर वाफा फुटून पाणी बाजूच्या रानात गेलं होतं.

अण्णांनी फावडं घेऊन वाफा बांधला. मला मात्र उगाच रडू आलं.


१२ डिसेंबर

कडुबामामांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. जानेवारी संपेपर्यंत सुटी. जाताना मला कडुनिंबाखाली बोलावलं.

"ताई, येक सांगतो, राग नका मानू. सरांशी बोलताना म्होरं उभं ऱ्हावा. पाठीमागून नका बोलू. अन् जरा पोटातून बोला. सुरुवातीला कसं बोलायच्या?"

"का? सर काही म्हणाले का माझ्याबद्दल?"

"ते कशाला म्हणत्यात." इकडेतिकडे बघितलं, काही बोलणार होते, पण डोक्याला रुमाल गुंडाळला आणि गेले.

मोठ्या माणसाशी समोर उभं राहून बोलायचं, हे मला कळत नाही का? चार महिने मर मर मरून बोलणं सुधारलं, आणि हे म्हणतात सुरुवातीसारखं बोला. गावाकडच्या माणसाने गावाकडचंच राहावं असं गावाकडच्याच माणसाला का वाटतं?


२७ डिसेंबर

इंजिन आता मीच चालू करते. आज बंद होता होता खालून एक बारीक आवाज ऐकला. टक्. टक्. चमच्याने भांडं वाजवावं तसा. वेग वाढला की बुडून जातो.

सर तिथेच होते, हात बैठकीवर, डोळे मिटलेले. म्हटलं, "सर, खालून काहीतरी वाजतंय का?" काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "बैठकीचे बोल्ट ढिले झालेत, हादरा वाढलाय. आवळून घ्या." आवळले.

स्क्रीनवर रेघ स्वच्छ आहे. ज्या माणसाने या एका इंजिनासोबत आयुष्य काढलं त्याला ऐकू येत नसेल आणि मला येतंय, असं थोडंच आहे?


२१ जानेवारी २०२५

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

कंपनीचे तिघं आले. प्राचार्य, विभागप्रमुख, सगळे. पांढऱ्या पडद्यावर माझी रेघ, मोठी, शांत. सरांनी नवा शर्ट घातला होता. इंजिन चालू झालं. सर भाराच्या चाकापाशी उभे राहून इंजिनावरचा भार वाढवत होते, उजवा हात चाकावर, डावा बैठकीवर, तोंड पडद्याकडे. मी त्यांच्या मागे लॅपटॉपजवळ.

टक् टक् आता बुडत नव्हती. भार वाढला तशी ती टोकदार झाली. मिहिरने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "सर, भार वाढवू नका. खालून आवाज येतोय."

वळले नाहीत. पाहुण्यांसमोर ओरडायचं कसं? मी एक पाऊल पुढे जाऊन पुन्हा म्हटलं. तेवढ्यात पाहुण्यांपैकी एकाने पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सरांनी मान हलवली, हसले, आणि चाक आणखी फिरवलं.

खालची लोखंडी दांडी तुटली आणि इंजिनाचं पोट फोडून बाहेर आली. काळं तेल फरशीभर. पाहुण्यांच्या बुटांवर, माझ्या ओढणीवर. कुणाला लागलं नाही. सरांच्या तळहाताला भाजलं थोडं. पण इंजिन बंद पडल्यावरही त्यांनी तो हात बैठकीवरून काढला नाही. सगळे बाहेर पळाले तरी ते तसेच उभे. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखे दिसत होते.

पडद्यावर रेघ शेवटच्या क्षणापर्यंत गुळगुळीत.


२४ जानेवारी

चौकशी समिती. मला विचारलं, दोष तुझ्या लक्षात आला होता का? हो. मार्गदर्शकांना सांगितलं होतं का? हो, त्या दिवशी दोनदा. आणि डिसेंबरात एकदा. त्यांनी काय केलं? मी लिहून दिलं: "सरांनी माझ्या सूचनेकडे दुर्लक्ष केलं."

खरं तेच लिहिलं. खाली सही केली. कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. मी लहान घरातून आले म्हणून माझं म्हणणं हवेत सोडून द्यायचं, हे आता कागदावर आलं.

मिहिर म्हणाला, "एवढं कडक लिहायला नको होतं. सर तसे नाहीत."

"तुझ्याशी नसतील," मी म्हटलं.


६ फेब्रुवारी

निर्णय आला. खोलीला कुलूप. दुर्घटनेची जबाबदारी सरांवर. निवृत्तीनंतर मानद म्हणून राहण्याचा त्यांचा अर्ज नामंजूर. मला नवीन मार्गदर्शक मिळाले, काम फक्त बिनतारी भागाचं. "इंजिन नको आता," नवे सर म्हणाले.

कडुबामामा परत आलेत, डोळ्यावर काळा चष्मा. त्यांना आता वाचनालयात टाकलंय. जिन्यात भेटले.

"तुम्ही लिहून दिलं म्हणं."

"खरं तेच लिहिलं मामा. मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलं असंल." चष्मा सारखा करून म्हणाले, "मी असतो तर झालं नसतं हे."

किती घमेंड! पण ती घमेंडीसारखी वाटली नाही. स्वतःला शिव्या देत असल्यासारखं बोलले. मी वर निघून आले. आता वाटतं, थांबून विचारायला हवं होतं.


२८ फेब्रुवारी

सर रजेवरच आहेत. विभागात कुणी त्यांचं नाव काढत नाही. माझ्याशी सगळे जपून बोलतात. "लिहून देणारी मुलगी" असं झालंय माझं.


१६ मार्च

प्रबंधासाठी मूळ आकडे उघडले. मी भरलेले नाहीत, डबीने पाठवलेले. सर म्हणाले होते पुसू नका, म्हणून राहिले.

हरवलेली पॅकेट कुठे कुठे आहेत ते मांडून बघितलं. मला वाटलं होतं विखुरलेली असतील, पत्र्याची खोली म्हणून. सप्टेंबरात तशीच आहेत. ऑक्टोबरपासून ती एका जागी गोळा व्हायला लागतात. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात तीच एक जागा, दट्ट्या म्हणजे पिस्टन तळाशी पोचून परत वळतो तिथे. नोव्हेंबरात जास्त. डिसेंबरात दाट. जानेवारीत त्या जागेवर जवळजवळ काहीच नाही, नुसती भोकं.

मिहिरला दाखवलं. त्याने भोकं बोटाने मोजली. मग म्हणाला, खालचं काहीतरी ढिलं होऊन प्रत्येक फेऱ्यात ठोका देत असणार. त्या ठोक्याने डबीचा अँटेना हलत असणार. म्हणून नेमकं तेव्हाचंच पॅकेट हरवत होतं.

इंजिन जिथे दुखत होतं तिथेच डबी गप्प व्हायची. आणि ती गप्प जागा मी आधीच्या आकड्यांनी भरत होते.

पण मग सरांनी मान का हलवली? मी सगळं सांगितलं होतं. इतक्या अनुभवी माणसाने हे भरणं मान्य कसं केलं? त्यांनी एकदा जरी "भरू नका" म्हटलं असतं! राग येतो, आणि येत येत मध्येच तुटतो. सरांना भेटलं पाहिजे. समितीला लिहून दिलेलं मागे घेता येतं का तेही बघितलं पाहिजे.


२ एप्रिल

मागे घेता येत नाही. विभागप्रमुख म्हणाले, "आता काय उपयोग? इंजिन भंगारात गेलं गुढीपाडव्याच्या आधी." मला कुणी सांगितलंही नाही. खिडकीतून बघितलं, खोलीत नवीन टेबलं लावलीत, फरशी घासलीय. एका कोपऱ्यात तेलाचा डाग मात्र गेलेला नाही.

अर्ज तरी ठेवून घ्या म्हटलं. त्यात भरलेल्या आकड्यांचं सगळं लिहिलं. त्यांनी न वाचता फाईलखाली सरकवला.


२० एप्रिल

आज सरांच्या घरी गेले. औरंगपुऱ्यात, दुकानांच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला. जिन्यात आरशासमोर म्हणावं तसं मनात म्हणत होते, सर, माझी चूक झाली, हळू, सावकाश. घंटा वाजवली तर आवाजच आला नाही, दाराच्या वरच्या काचेतून आत एक लाल दिवा लुकलुकताना दिसला.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. प्रमोदिनीकाकू. मी नाव सांगितलं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दार लावतील.

"ये," म्हणाल्या. "आणि मोठ्याने बोल हो त्यांच्याशी. यंत्र घेतलंय आता कानाला, पण काढूनच ठेवतात."

मला काही समजेना. "यंत्र?"

"तुला माहीत नाही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चार वर्षं झाली गं. त्या खोलीत जन्म गेला, कानाला कधी कापूस लावला नाही, आवाज नीट कळत नाही म्हणून. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. इंजिनवाल्याचे कान गेले म्हटलं तर खोली आजच काढून घेतील. एक कडुबा तेवढा सांभाळून घ्यायचा." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझी निवड झाली त्या दिवशी किती खुशीत आले होते माहितीय? म्हणाले, एक मुलगी मिळाली, जनरेटर चालू असताना तिचा शब्द न् शब्द ऐकू आला मला. आणि मग काय झालं गं? श्रावणापासून म्हणायला लागले, ती पोरगी हळूहळू बोलेनाशीच झाली. काही चुकलं का माझं, विचारायचे. तुला विचारायला लाजायचे."

मी चपला काढून आत गेले.

सर खिडकीजवळ बसले होते, पाठ माझ्याकडे. मला मागून हाक मारावीशी वाटली नाही. मी वळसा घालून समोर जाऊन उभी राहिले. ते बारीक झालेत. माझ्याकडे बघून हसले आणि उठायला लागले.

"सर!" मी म्हटलं. बांधावरून म्हणावं तसं. खालच्या दुकानातलं कुणीतरी वर बघायला लागलं.

त्यांनी टेबलावरची डबी उघडून कानात यंत्र बसवलं आणि कपाळाला आठी घातली. "हळू. हे लावलं की सगळंच अंगावर येतं." हसले. "यंत्र विभागात जन्म काढला, आता यंत्र कानात. माणसं बरी ऐकू येतात. बाकी रिक्षा, बस, मिक्सर, सगळं एकच. परवा खाली जनरेटर चालू होता, ही म्हणाली तेव्हा कळलं जनरेटर आहे."

मी मूळ आकड्यांचा कागद पुढे ठेवला. भोकं असलेली रेघ. सांगायला लागले, पण हळू बोलू की मोठ्याने तेच ठरेना. त्यांनी कागद स्वतःच वाचला. बोट त्या एका जागेवरून पुन्हापुन्हा फिरवलं.

"हे दिसलं असतं तर..." म्हणाले. समितीच्या कागदाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी काढलं. त्यांनी हातानेच ते बाजूला केलं. त्या तळहातावर भाजल्याचा गुलाबी डाग अजून आहे.

मग त्यांनी यंत्र कानातून काढून डबीत ठेवलं. तळहात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "कसा होता आवाज? मला वाजवून दाखवा."

मी समोर बसले. मधल्या बोटाचं पेर टेबलावर आपटलं. टक्. मग फेरा मोजून पुन्हा. डिसेंबरातल्यासारखं बारीक आधी, मग जानेवारीतलं टोकदार. सरांनी डोळे मिटले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दांडीच्या खालच्या टोकाचं बेअरिंग," सर म्हणाले. "सुरुवातीला कळलं असतं तर साधं काम होतं. उघडायचं, नवीन घालायचं." डोळे मिटलेलेच होते. "मग सांगायचं ना, संस्कृती."

मी त्यांच्या हाताला बोट लावलं. त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सांगितलं होतं, सर."

ते बघत राहिले. कितीदा, कुठे उभं राहून, कशा आवाजात, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं. त्यांनी एकदा मान हलवली. या वेळी त्यांना कळलं होतं म्हणून.

"पुन्हा वाजवा," म्हणाले, आणि तळहात परत टेबलावर ठेवला.

मी वाजवत राहिले.